राजकन्येचा राग आणि आचाऱ्याचा हात

फार पूर्वी गोदावरीच्या तीरावरील पोतन नगरीत वज्रबाहू राजाची सत्ता होती. त्या जन्मी बोधिसत्त्व तिथल्या एका आचाऱ्याच्या घरी जन्माला आला. आईबापांनी त्याचे नाव नंदिक ठेवले. वडिलांच्या हाताखाली तो भाजणे, रांधणे, कढवणे, मुरवणे सगळे शिकला आणि चाळिशीत राजाच्या पाकशाळेचा मुख्य झाला. साठ माणसे त्याच्या हाताखाली राबत. चुलींची धग, धूर, घाई आणि जेवणाची वेळ टळण्याची धास्ती असली, की माणसे एकमेकांवर खेकसतातच. पण नंदिकाचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता.

नवख्यांना वाटे, याला राग येतच नसावा. जुन्यांना खरे ठाऊक होते. नंदिक सोळा वर्षांचा असताना थोरल्या भावाने त्याची चेष्टा केली, म्हणून त्याने तापलेली पळी भावाला फेकून मारली होती. भावाच्या कपाळावरचा डाग कायमचा राहिला. भावाने क्षमा केली, तरी नंदिक ती गोष्ट विसरला नाही. तेव्हापासून तो आपल्या रागावर नजर ठेवू लागला, जशी रांधणारा माणूस चुलीतल्या जाळावर ठेवतो. जाळ विझवून स्वयंपाक होत नाही आणि मोकाट सोडूनही होत नाही, हे त्याला त्याच्या कामानेच शिकवले होते.

वज्रबाहू राजाला आणि राणी सुभगेला एकच अपत्य होते. ती मुलगी, किंशुका. त्या वर्षी ती आठ वर्षांची होती. ती हसली की दुसऱ्या महालात ऐकू जाई. जखमी पोपट सापडला, तर त्याच्यापाशी बसून ती दिवसभर जेवत नसे. आणि राग आला की सारा राजवाडा हादरे. ती हातात येईल ते फेकी, चावे, ओरबाडी, जमिनीवर डोके आपटून घेई. राग ओसरला की तिथेच झोपी जाई आणि उठल्यावर फुटलेल्या वस्तूंकडे भेदरून पाहत राही.

राणीला तिचे रडणे सोसत नसे, म्हणून ती मागेल ते हातात देई. राजाला तिचे ओरडणे सोसत नसे, म्हणून तो तिला तळघरातल्या अंधाऱ्या कोठडीत कोंडी. राजपुरोहिताने ग्रहशांती केली, दोन्ही दंडांवर दोरे बांधले. किंशुकेने ते दातांनी तोडले.

त्या वर्षीच्या वसंतोत्सवाची गोष्ट. किंशुकेने सकाळभर बसून वडिलांसाठी चाफ्याची माळ ओवली. तिची मैत्रीण चित्रा तिला फुले निवडून देत होती. चित्रा राजवाड्यातल्या माळिणीची मुलगी, किंशुकेच्याच वयाची. दुपारी राजा उत्सवाला निघाला, तेव्हा किंशुका धावत गेली आणि तिने माळ त्याच्या हातात दिली. राजा सेनापतीशी बोलत होता. त्याने न पाहताच ती माळ शेजारच्या घोड्याच्या गळ्यात घातली आणि तो पुढे गेला.

किंशुका तिथेच उभी राहिली. चित्राला काय बोलावे ते सुचेना. ती हसून म्हणाली, "जाऊ दे गं. नाहीतरी वाकडीच झाली होती."

पुढच्याच क्षणी किंशुकेने तिला दोन्ही हातांनी ढकलले. दोघी वाटेलगतच्या पायऱ्यांच्या पुष्करिणीच्या काठावर उभ्या होत्या. चित्रा सात पायऱ्या गडगडत खाली गेली आणि तिचा डावा हात कोपरापाशी मोडला.

राजाला हे कळले तेव्हा उत्सवाला आलेले परदेशचे पाहुणे त्याच्याभोवती होते. त्याचा चेहरा लाजेने आणि संतापाने काळवंडला. "माझ्या घरात वाघीण जन्मली आहे," तो म्हणाला. "आठ दिवसांनी तिला डोंगरकिल्ल्यावर पाठवा. मोठी होईपर्यंत ती तिथेच पहाऱ्यात राहील."

इकडे किंशुका सापडेना. दासींनी बागा धुंडाळल्या, गच्च्या धुंडाळल्या. बोधिसत्त्व मूग काढायला धान्याच्या कोठीत गेला, तेव्हा रांजणांमागे त्याला हुंदका ऐकू आला. त्याने बाहेर निरोप पाठवला की राजकन्या सुखरूप आहे, कोणी आत येऊ नये. मग एक सूप घेतले, मूग ओतले आणि रांजणांपासून चार हातांवर बसून तो खडे निवडू लागला.

"जा इथून!" आतून आवाज आला.

"मूग निवडायचे आहेत," बोधिसत्त्व म्हणाला.

एक मडके भिंतीवर येऊन फुटले. बोधिसत्त्व उठला. त्याने खापऱ्या गोळा करून कोपऱ्यात ठेवल्या. "अनवाणी आहेस, पायात जातील," असे म्हणून तो पुन्हा आपल्या जागी बसला. दुसरे मडके फुटले. त्याने त्याच्याही खापऱ्या गोळा केल्या. तिसरे मडके फुटले नाही. बराच वेळ नुसता सुपाचा आवाज येत राहिला. तो घाईने बोलत नव्हता, घाईने हात चालवत नव्हता, आणि हळूहळू रांजणांमागचे हुंदकेही लांब होत गेले.

शेवटी किंशुका बाहेर आली. तोंड पिठाने आणि आसवांनी माखलेले. "नंदिका, मी वाईट आहे ना?"

"तू रागावली होतीस," बोधिसत्त्व म्हणाला. "वाईट असणं वेगळं आणि रागावणं वेगळं. पण चित्राचा हात मोडला आहे, तो खराच मोडला आहे. तो बरा व्हायला वेळ लागेल."

किंशुका त्याच्याजवळ बसली. थोड्या वेळाने तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा.

त्याच संध्याकाळी बोधिसत्त्व राजासमोर जाऊन उभा राहिला. "महाराज, राजकन्येला रोज सकाळी माझ्या पाकशाळेत पाठवा. शरद पौर्णिमेपर्यंत मुदत द्या."

राजा आधीच धुमसत होता. "तू आचारी ना? मग भात शिजव. मुली घडवणं तुझं काम नाही."

"महाराज, राजकन्या डोंगरकिल्ल्यावर गेली तर तिचा रागही सोबत जाईल. तिथे त्याच्याशी तिची एकटीची गाठ पडेल. आठ वर्षांच्या मुलीचा त्यात निभाव लागत नाही. माझा सोळाव्या वर्षी लागला नव्हता."

राणी सुभगेने हात जोडले. अंतःपुराचा म्हातारा कंचुकी, जो तिथली सगळी व्यवस्था पाही, तोही रदबदली करू लागला. सगळे एकदम बोलू लागलेले पाहून राजा आणखीच चिडला.

"बरं तर! शरद पौर्णिमेपर्यंत. पण तेवढ्यात तिने पुन्हा कोणाला इजा केली, तर ती किल्ल्यावर जाईल, आणि तुझा उजवा हात मनगटापासून तोडला जाईल. आहे कबूल?"

उजवा हात गेला की आचाऱ्याचे काय उरते? बोधिसत्त्वाने क्षणभर आपल्या हाताकडे पाहिले. "कबूल आहे, महाराज. एकच विनंती. ही अट राजकन्येला सांगू नये. तिच्या वयाला तो भार पेलणार नाही."

दुसऱ्या दिवशीपासून किंशुका पाकशाळेत येऊ लागली.

पहिले काही दिवस बोधिसत्त्वाने तिला काहीच शिकवले नाही. ती यायची, बसायची, मध्येच उठून पळायची. तिची न्याहारीची वेळ मात्र त्याने कधी चुकू दिली नाही. भुकेली असली किंवा अपुरी झोपलेली असली, की ती लवकर भडकते, हे त्याच्या लक्षात आले होते. आजवर कुणी ते पाहिले नव्हते.

मग एके दिवशी त्याने तिला दुधाच्या मोठ्या पातेल्याजवळ बसवले. "याच्यावर लक्ष ठेव. उतू जाऊ देऊ नकोस."

दूध फसफसून वर आले तेव्हा ती ओरडली आणि बोधिसत्त्व धावेपर्यंत ते चुलीत सांडलेही. दुसऱ्या दिवशी तसेच झाले. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "ते एकदम कसं वर येतं?"

"एकदम येत नाही. आधी काय होतं ते बघ."

ती वाकून पाहत राहिली. "कडेला बुडबुडे येतात. मग साय सुरकुतते. मग मधे फुगतं."

"बुडबुडे दिसले की जाळ ओढायचा. फुगल्यावर धावून उपयोग नाही." लाकूड बाहेर ओढत त्याने सहज विचारले, "तुला राग येतो तेव्हा आधी काय होतं?"

"काही नाही. एकदम येतो."

"बरं," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने आग्रह केला नाही.

चार दिवसांनी एका दासीने तिची वेणी ओढून बांधली, तेव्हा किंशुका किंचाळत पाकशाळेत आली. पण दारातच थांबून म्हणाली, "कान! आधी माझे कान गरम होतात!" एवढे बोलून तिने ताकाचा डेरा लाथेने उलथवलाच. तरीही बोधिसत्त्वाला मनापासून आनंद झाला. ताक पुसायला दोघे मिळून बसले. पुसताना ती आठवून आठवून सांगू लागली. आधी कान, मग दात आवळले जातात, मग बोटांची मूठ होते. मूठ झाल्यावर पुढचे काही आठवत नाही.

"म्हणजे मूठ होण्याआधी तुझ्या हातात थोडा वेळ असतो," बोधिसत्त्व म्हणाला. "त्या वेळात इथे येत जा."

पाकशाळेच्या मागल्या पडवीत एक मोठे जाते होते. कान गरम झाले की किंशुकेने यायचे आणि बोधिसत्त्वाने हातातले काम दुसऱ्याकडे सोपवून तिच्यासमोर बसायचे, असे ठरले. दोघे एकाच खुंट्याला हात लावीत. सुरुवातीला ती जाते गरगरा ओढी, दाणे बाहेर उडत. बोधिसत्त्व तिला हळू हो म्हणत नसे. तो फक्त आपला हात जड आणि संथ ठेवी, आणि जात्याला दोन गती असू शकत नाहीत. काही फेऱ्यांनंतर तिचा हात त्याच्या हाताच्या चालीवर येई, मग श्वासही येई. त्यानंतर ती बोलू लागे. आधी काय झाले ते, आणि मग काय दुखले ते. चाफ्याच्या माळेची गोष्ट तिने त्याला अशीच एकदा दळताना सांगितली. बोधिसत्त्व म्हणाला, "वाईट वाटलं तुला." तेवढ्यावर ती पुष्कळ वेळ रडली, पण त्या रडण्यात काही फुटले नाही.

हे सगळे सरळ झाले असे नाही. आषाढात एका मेजवानीसाठी बोधिसत्त्वाने पहाटेपासून पायस शिजवला होता. तिला एक वाटी आधी हवी होती, त्याने थांबायला सांगितले, आणि तिने ओंजळभर राख पातेल्यात टाकली. शंभर माणसांचा पायस वाया गेला. बोधिसत्त्वाचा चेहरा लाल झाला. पाकशाळेतली माणसे हात थांबवून पाहू लागली. तो काही न बोलता बाहेर गेला, विहिरीवर जाऊन त्याने तोंडावर पाणी मारले, तिथल्या दगडावर थोडा बसला आणि परत आला.

"मला फार राग आला होता," तो किंशुकेला म्हणाला. "ओरडलो असतो. म्हणून विहिरीवर गेलो. आता बोलू शकतो."

किंशुका त्याच्याकडे पाहतच राहिली. मोठ्या माणसांचा राग तिने पुष्कळ पाहिला होता. राग आलेला माणूस स्वतःहून उठून जातो आणि परत येतो, हे तिने कधी पाहिले नव्हते. "तुलाही येतो?"

"येतो तर."

"अजूनही?"

"अजूनही. आता नवीन दूध तापवायला घेऊ. तूही बस, रात्रीपर्यंत काम आहे."

ती रात्रीपर्यंत बसली. त्या दिवसापासून ती त्याला नुसते नंदिक न म्हणता काका म्हणू लागली.

राणी एकदा पडवीकडे आली आणि जात्यावर बसलेली मुलगी पाहून दाराआडच थांबली. मुलगी गेल्यावर तिने बोधिसत्त्वाला विचारले, "ती रडायला लागली की मला ते बघवत नाही. मग मागेल ते देऊन टाकते. मी काय करू?"

"आरडाओरडीला देऊ नका, महाराणी. आणि निघूनही जाऊ नका."

"मग करू काय?"

"जवळ बसा. तिचं सगळं संपेपर्यंत नुसत्या बसून राहा. तुम्ही घाबरलेल्या नाही, एवढं तिला दिसलं तरी पुष्कळ झालं."

"पण मी तर घाबरतेच!"

"मग आधी स्वतःचा श्वास सावकाश होऊ द्या. मुलांना आपल्या शब्दांआधी आपला श्वास ऐकू जातो."

राणीला ते पहिल्या वेळी जमले नाही, दुसऱ्या वेळीही नाही. पुढे जमू लागले.

चित्राचे मात्र अवघड होते. किंशुका तिच्या घरी तिळाचे लाडू घेऊन गेली, तेव्हा चित्राने भिंतीकडे तोंड फिरवले. किंशुका तणतणत परत आली. "मी चूक कबूल केली, तरी ती बोलत नाही!"

"हात तिचा मोडला आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "कधी बोलायचं ते तीच ठरवणार. तुला जायचं असेल तर उद्याही जा."

किंशुका रोज जाऊ लागली. चित्राचा हात फळ्यांमध्ये बांधलेला होता. तिला वेणी घालता येत नसे आणि तिची आई पहाटेच बागेत जाई. एके दिवशी किंशुका काही न विचारता तिच्या मागे बसली आणि केस विंचरू लागली. चित्राने अंग आकसून घेतले, पण ती उठली नाही. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी चित्रा म्हणाली, "इतकी घट्ट नको घालूस." त्या दिवशी किंशुका पाकशाळेपर्यंत पळत आली.

पावसाळा सरला. शरद पौर्णिमेला दोन दिवस उरले. सहा महिन्यांत किंशुकेने कुणालाही इजा केली नव्हती. राग येई, वस्तूही अधूनमधून फुटत, पण माणसाच्या अंगावर हात गेला नव्हता.

त्या सकाळी म्हाताऱ्या कंचुकीने तिला सभेच्या दाराशी पाहिले. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण जीभ सैल होती. "दोनच दिवस राहिले, राजकन्ये," तो म्हणाला. "तेवढे सांभाळ. नाहीतर बिचाऱ्या नंदिकाचा उजवा हात जायचा."

किंशुकेला आधी काही कळेना. मग कंचुकीने अट सांगितली. ती थेट सभेत धावली.

राजाला नुकतीच सीमेवरून वाईट बातमी आली होती. तो दूतावर ओरडत होता. "बाबा, काकांचा हात तोडायचा नाही!" किंशुका मोठ्याने म्हणाली. "बाबा, सांगा ना!"

"हिला बाहेर न्या," राजा मागे न पाहता म्हणाला.

"बाबा!"

"बाहेर न्या म्हणालो ना!"

कान, दात, मूठ, सगळे एका क्षणात होऊन गेले. आसनाजवळ काशाचा पेला होता. तो किंशुकेने उचलून फेकला, तो राजाच्या भुवईवर बसला आणि रक्त गालावर ओघळले.

सभा उठून उभी राहिली. राजाने बोटांनी रक्त पुसले आणि ते पाहिले. "आचाऱ्याला आणा," तो म्हणाला. "आत्ता. परशू आणा. आणि हिला आजच किल्ल्यावर धाडा."

बोधिसत्त्वाला आणले तेव्हा त्याच्या हाताला कणीक लागलेली होती. त्याने राजाची भुवई पाहिली, किंशुकेचा पांढराफटक चेहरा पाहिला, आणि काय घडले ते ओळखले. सेवकांनी लाकडी ठोकळा आणून ठेवला. तो गुडघे टेकून बसला आणि त्याने उजवा हात स्वतःच ठोकळ्यावर ठेवला.

"किंशुके," तो म्हणाला, "हे तुझ्यामुळे झालं असं धरून बसू नकोस. अट मी घातली नव्हती, पण कबूल मी केली होती."

किंशुकेने तोंड उघडले. आता ती किंचाळणार, कुणाला तरी चावणार, असे सगळ्यांना वाटले. दोन सेवक तिला धरायला पुढे झाले. पण ती खाली बसली. मधोमध, फरशीवर, जिथे उभी होती तिथेच. मुठी उघडून तिने दोन्ही तळवे थंड फरशीला टेकले आणि एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक. तिचे खांदे हुंदक्यांनी उडत होते, तरी ती श्वास मोजत बसून राहिली. परशूवाला राजाकडे पाहत होता, आणि राजा मुलीकडे. तिला असे बसलेले त्याने जन्मात पाहिले नव्हते.

मग ती उठली आणि वडिलांपाशी आली. तिचा आवाज कापत होता, पण चढलेला नव्हता.

"बाबा, पेला मी फेकला. तुम्हाला लागलं. ते चुकलं माझं. मला अजून राग आलाय आणि खूप भीती वाटतेय. पण मी आता काही फेकणार नाही." ती थांबली, तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले. "तुमचेही कान लाल झालेत, बाबा. आणि मूठ वळली आहे. मूठ वळल्यावर आपण जे करतो ना, ते मग परत घेता येत नाही. चित्राचा हात मला परत जोडता आला नाही."

राजाने आपल्या हाताकडे पाहिले. मूठ इतकी आवळलेली होती, की नखे तळव्यात रुतली होती.

"तुम्ही थोडं बसा," किंशुका म्हणाली. "मी जाणार नाही कुठे. मी इथेच बसते."

आणि ती खरोखरच त्याच्या पायाशी बसली. राजा काही वेळ उभाच राहिला, मग आसनाच्या पायरीवर तिच्याशेजारी टेकला. तिने त्याला हात लावला नाही, त्याच्याशी बोलली नाही, नुसती सावकाश श्वास घेत राहिली. बोधिसत्त्वाचा हात ठोकळ्यावर तसाच होता. त्याचाही श्वास संथ चालला होता. त्या मोठ्या सभागृहात दोघांचे श्वास ऐकू येत होते. काही वेळाने तिसरा त्यांत मिसळला.

राजाची मूठ सैल झाली. त्याने पाणी मागितले, ते प्याला आणि परशूवाल्याला हाताने दूर केले.

"लहानपणी मीही त्याच कोठडीत असायचो," तो हलक्या आवाजात म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळले नाही. "माझे वडील मला तिथेच कोंडायचे. अंधारात मी भिंतीला लाथा मारायचो. मग दमून गप्प व्हायचो. त्यांना वाटायचं, मी सुधारलो. मलाही तसंच वाटत आलं." त्याने बोधिसत्त्वाकडे पाहिले. "नंदिका, तू हिला काय शिकवलंस?"

बोधिसत्त्वाने ही गाथा म्हटली:

"कोंडून ठेविता राग, वाढतो तो अंधारात;
जवळी बैसता कोणी, निवतो तो उजेडात."

मग तो म्हणाला, "महाराज, तिचा राग मी काढून घेतला नाही. तो तिचा आहे, जन्मभर राहील. तो आला की तिने एकटं पडू नये, एवढंच मी पाहिलं. मी पुष्कळ दिवस तिच्याजवळ बसलो, तेव्हा कुठे आज तिला स्वतःजवळ बसता आलं. आणि तेवढ्यात तिने आपल्यालाही जवळ बसवलं. हे मी शिकवलेलं नव्हतं."

राजाने मुलीला जवळ ओढले. कपाळावरचे रक्त तिच्या केसांना लागले, ते दोघांच्याही लक्षात आले नाही.

किल्ल्यावर जाण्याची आज्ञा त्याच दिवशी रद्द झाली. राजाने बोधिसत्त्वाला अमात्यपद देऊ केले. "महाराज, दुपारच्या जेवणाला आधीच उशीर झाला आहे," असे म्हणून बोधिसत्त्व पाकशाळेत परतला. पण राजाने आग्रहच धरला, तेव्हा त्याने एक मागणे मागितले: ज्या दिवशी राजाला राग येईल, त्या दिवशी कुणालाही दंड सुनावू नये. एक रात्र जाऊ द्यावी. राजाने ते मान्य केले. पोतन नगरीत पुढे तीस वर्षे हा नियम पाळला गेला. किती माणसांचे हातपाय आणि प्राण त्यामुळे वाचले, त्याची मोजदाद कुणी केली नाही.

वज्रबाहूनंतर किंशुका राज्यावर आली. चित्रा तिची अमात्या झाली. तिचा डावा हात किंचित वाकडा राहिला होता, आणि किंशुकेला तोंडावर खरे सांगणारी राज्यात ती एकटीच होती. किंशुकेला शेवटपर्यंत राग येई. तो आला की ती सभेतून उठून जाई, आणि सभासद निर्धास्त बसून राहत, कारण ती परत येणार हे त्यांना ठाऊक असे.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, सांगितली ती विहारात, सगळा भिक्षुसंघ जमला असताना. खेमक नावाच्या भिक्षूकडे लहान श्रामणेरांची देखरेख होती. त्यांतल्या एका चिडखोर मुलाला त्याने दिवसभर भांडारात कोंडून ठेवले होते. शीलवती नावाच्या भिक्षुणीने दार उघडून त्या मुलाला बाहेर काढले आणि त्याचे रडणे थांबेपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली. दोघांचा वाद शास्त्यापर्यंत आला होता.

कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाची चित्रा म्हणजे आज शीलवतीसोबत राहणारी भिक्षुणी सोमा. तेव्हाची राणी सुभगा म्हणजे विहाराला रोज दूध पाठवणारी उपासिका कालिंदी. तेव्हाची किंशुका म्हणजे ही शीलवती. नंदिक आचारी म्हणजे मीच होतो. आणि वज्रबाहू राजा म्हणजे हा खेमक. खेमका, मान वर कर. त्या जन्मी तू मूठ उघडली होतीस, म्हणजे ती तुला उघडता येते."

खेमक उठला, शास्त्याला वंदन करून त्या लहान श्रामणेराजवळ गेला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.

दुसऱ्याच्या रागासमोर आपण न ढळता उभे राहणे, आणि तो शमेपर्यंत त्याला न सोडणे, या बळाला क्षांती म्हणतात. त्या जन्मी बोधिसत्त्वाने हीच क्षांतिपारमिता, म्हणजे क्षांतीची परिपूर्णता, साधली.